कोपऱ्यातली रेघ

माझ्या पहिल्या महिन्यातल्या खराब काचा उस्तादानं फेकल्या नाहीत. गिऱ्हाईक आलं की एखादी उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, "पाहा, आमची बाई काचेले पिको करून राह्यली." लोक हसायचे. मीही हसल्यासारखं करायची आणि घरी जाऊन भांडी आपटायची.

वीस वर्षं ब्लाउज शिवून मान धरली, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी वडशातल्या या काचेच्या दुकानात कामाला लागले होते. दुकानाचा मालक साठीचा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, तोंडावर मी भाऊ म्हणायची. जाड काचेची कड तिरपी घासून उतार काढण्यात आपला हात धरणारा ब्रह्मपुरीपर्यंत कोणी नाही, असं तो स्वतःच सांगत असे.

आडवं लोखंडी चाक फिरत असतं, त्यावर पाणी आणि रवाळ भुकटी पडत असते, आणि काच तिरपी टेकवून धरायची. धरणं सोपं आहे, चारही बाजूंना कोन तोच ठेवणं कठीण. मनगट जरा उचललं की उतार अरुंद होतो, जरा दबलं की रुंद. दोन बाजूंचे उतार कोपऱ्यात भेटतात तिथे एक रेघ उमटते. उतार सारखे असले तर ती नेमकी टोकात जाते. नसले तर बाजूला सरकते, आणि मग काही केल्या लपत नाही.

माझी रेघ सरकायची. पण अपमानानं नजर तीक्ष्ण होते. मी उस्तादाचे कोपरे न्याहाळायला लागले, तर त्याचीही रेघ सरकलेली. त्याचे आरसे कायम सागवानी चौकटीत जायचे आणि चौकट कोपरे गिळून टाकायची. त्या दिवशी मी भात दोनदा वाढून घेतला.

मग सुताराकडून कोनाला बरोबर अशी लाकडी पाचर तासून आणली. चाकाशेजारी ती बसवायची आणि काच तिच्यावर टेकवून घासायची. उस्ताद म्हणाला, "लेकरावानी पांगुळगाडा घेऊन चालून राह्यली काय? हातानं कर, नाईतं करू नको." तो जेवायला गेला की मी पाचर बसवायची. हळूहळू माझी रेघ टोकात जायला लागली.

धान निघाल्यावर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली आणि वडशात कंपन्यांची धावपळ उडाली. एका नटीनं मेकअपसाठी आरसा सांगितला, बिनचौकटीचा, कारण तो पेटीत घालून गावोगाव न्यायचा होता. उस्ताद नात्यातल्या लग्नाला गेला होता. मी केला, चारही रेघा टोकात. ती न्यायला आली तोवर तो परतला होता. तिनं कोपऱ्यावरून बोट फिरवत विचारलं, "कोनं बनवला हा?"

माझ्यादेखत तो म्हणाला, "मीनंच. आनखी कोन करनार इथी?"

मी आरसा कागदात गुंडाळून तिला दिला. आरसा बघून कंपनीतल्या बाकीच्याही मागणार, म्हणून ही बाई पुन्हा येणार हे मला ठाऊक होतं. तिच्यासमोर, त्याच्याच तोंडून, तो आरसा माझा होता हे वदवून घ्यायचं आणि तेव्हा त्याचं तोंड बघायचं, एवढंच मला हवं होतं.

आठवड्यानं ती सकाळीच आली. मैत्रिणीसाठी तसाच आरसा पाहिजे, आणि होईपर्यंत बसते म्हणाली. उस्तादानं मला हाक मारली, "बाई, घे वो हे काम. माह्या हाताले लागलं आहे." हाताला काही लागलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊ, मागचा तुमीच केला ना. हाही तुमीच करा."

तो बसला. पहिल्या काचेची रेघ सरकली, दुसरीचीही. नटी उठून जवळ येऊन बघायला लागली. शेवटी तिच्याकडे न बघता तो पुटपुटला, "मागचा हिनंच केला होता."

मी ऐकलं, पण त्याची मान खाली असल्यामुळे तोंड दिसलं नाही. मी सगळ्यांदेखत पाचर बसवली आणि तिसरी काच घेतली. तीन बाजू झाल्या, चौथी संपत आली. तेवढ्यात मला राहवलं नाही. मान वर करून मी त्याच्याकडे पाहिलं. पापणी लवते तेवढंच, पण मनगट दबलं आणि काच पाचर सोडून सरकली. खाली पाहिलं तर रेघ बाजूला गेली होती.

त्यानं ते पाहिलं. काच माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि नटीला म्हणाला, "काचच खराब आली वो. इच्या हाताची चूक नाई. उद्या नेजा."

तिला पटलं. ज्या सहजपणे तो माझ्याविरुद्ध खोटं बोलला होता, त्याच सहजपणे आता माझ्या बाजूनं बोलला. मला रागानं रडू आलं. तो हसला असता तर मला जड गेलं नसतं. त्यानं मला वाचवलं, आणि त्याचा सूड कसा घ्यायचा हे मला अजून सुचलेलं नाही.