डब्यातलं कुणीतरी काढतं

माझ्या वहिनीच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे, पण ते दादासाठी. तिचं तिच्या डब्यांवर भागतं. चहाचा डबा खडखडायला लागला की दादाच्या पेन्शनची तारीख आली. तेलाची बरणी तळाला गेली की महिना संपला. साबणाची वडी बोटांत वाकायला लागली की मुलांच्या चादरी धुवायला काढायच्या. यातलं काही तिनं कधी लिहून ठेवलं नाही. तिचा अंदाज चुकलेला मी पाहिलाच नव्हता.

पुढच्या दोन खोल्यांमध्ये ती पाळणाघर चालवते. मी समोरच राहते, त्यामुळे तिचा सगळा कारभार मला माझ्या दारातून दिसतो. दाराशी चपलांची बुटकी मांडणी. तिच्यावर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली एकेक चित्र: छत्री, बदक, किल्ली, कंदील. अक्षरं न येणारं मूलही आपली पिशवी आपल्याच खुंटीला लावतं. कोपऱ्यात मुलांचं 'दुकान'. रिकामे झालेले चहाचे, साबणाचे, काडेपेट्यांचे खोके वहिनी टाकत नाही. आत रद्दी ठासून, तोंड चिकटवून ती ते मुलांना खेळायला देते. वर्षानुवर्षांचे खोके आहेत तिथे. काहींचे रंग पार उडालेले.

रडणाऱ्या मुलाला ती कधी उगी उगी करत नाही. त्याला कामाला लावते. "ये बाबा, बरं झालं आलास. हे टॉवेल मला एकटीला उचलत नाहीत." आईचा पाय सोडायला तयार नसलेलं पोर डोळे पुसत टॉवेल उचलायला जातं. आईला मागे वळून बघायचीही गरज उरत नाही. असल्या युक्त्या तिला शिकवल्या कुणी, देव जाणे.

दुपारची झोप झाली की आठ मुलं भिंतीला टेकून ओळीनं बसतात आणि वहिनी बिस्किटांचा पुडा घेऊन एका टोकापासून निघते. प्रत्येकाला दोन. पुडा आणि रांग एकदमच संपायची. मोजायचं कधी कामच पडलं नाही. एखादं मूल आलं नसेल तर त्याची दोन दादाच्या चहाबरोबर जायची. म्हणून दादा रोज सकाळी फार मायेनं विचारायचा, "काय गं, आज कुणी आजारीबिजारी?"

"तुमची नजर लागेल माझ्या पोरांना," वहिनी म्हणायची.

मग एका दुपारी रांग संपायच्या आधी पुडा संपला. शेवटी बसलेली नर्सबाईंची पिंगी हात पुढे करून बसली होती, आणि वहिनीच्या हातात नुसता कागद.

"कुणाला जास्त गेली रे?" तिनं विचारलं.

बाकीच्या सातही जणांनी आपल्याला एकच मिळाल्याचं सांगितलं. एकानं तर तोंडात दुसरं असताना सांगितलं. वहिनी हसली, नवा पुडा फोडला आणि विषय मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं.

त्यानंतर चहा पेन्शनच्या बराच आधी संपला. साबण हातातल्या हातात विरघळल्यासारखा गेला. पूर्वी चहाचा नवा पुडा डब्यात ओतला की शेवटची मूठ मावायची नाही, डबा ओट्यावर आपटून आपटून ती बसवावी लागे. आता झाकण आपसूक लागायला लागलं. ते लागलं की वहिनी हातातल्या रिकाम्या पुड्यात पुन्हा डोकावायची. नाही, आत काही राहिलेलं नसायचं. मग मघाशीच यातला थोडा काढून कुठे ठेवला का आपण? का काल कुणी पाहुणे येऊन गेले?

दादाला विचारायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यापासून घरचा बाजार तो करतो आणि त्या वर्षी तर त्याची छाती फुगलेली होती. दूध वाढलं, तेल वाढलं, भाजीला हात लावायची सोय नाही, असं सगळी गल्ली बोलत होती. हा मात्र पिशवी ओट्यावर ठेवून सांगायचा, "चहा? त्याच भावात. साबण? त्याच भावात. बिस्किटं? एक पैसा वाढू दिला नाही मी. दुकानदाराशी दोन शब्द गोड बोलावं लागतं, माणूस जोडावा लागतो. तुम्हा बायकांना ते कळायचं नाही."

आणि वस्तू संपल्याचं वहिनीनं सांगितलं की, "संपला? अगं, आत्ता तर आणला! तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?"

तो सहज बोलायचा. तिला ते लागायचं, कारण नेमका तोच प्रश्न ती स्वतःला विचारत होती.

तिच्या आईला शेवटची काही वर्षं काहीच आठवत नसे. लेकीलाही ती 'अहो बाई' म्हणायची. त्याची सुरुवात कुठून झाली ते वहिनीला पक्कं माहीत होतं. आई स्वयंपाकघरात साखरेचा डबा उघडून उभी होती आणि म्हणाली होती, "डब्यातलं कुणीतरी काढतं." मग तेच ती रोज म्हणायला लागली. भांडी घासणाऱ्या बाईवर आळ घेतला, सुनेवर घेतला. शेवटी साखर चपलांच्या कपाटात सापडली. तिनंच लपवली होती आणि विसरली होती.

हे वहिनीनं मला एका दुपारी सांगितलं. आत मुलं झोपलेली, म्हणून आम्ही दाराबाहेर पायरीवर बसून कुजबुजत होतो.

"परवा चहाच्या डब्यात पाहिलं," ती म्हणाली, "आणि माझ्या तोंडून तेच निघालं. शब्दन् शब्द तेच. डब्यातलं कुणीतरी काढतं."

"अगं, काहीतरीच. मीसुद्धा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते."

"तू चष्मा शोध. तुझ्या भरवशावर कुणी पोर नाही ठेवलेलं."

तिनं दारातून आत झोपलेल्या मुलांकडे डोकावून पाहिलं.

"मी रोज मनात मुलांची नावं म्हणते. आली त्या क्रमानं. गॅस बंद केलाय हे तीनतीनदा उठून बघते. आजवर चुकलं नाही. पण बिस्किटं चुकतात ना! दोन दोन वाटायचं काम, ते चुकतं. उद्या दाराला कडी घालायची राहिली आणि एखादं पोर रस्त्यावर गेलं तर?"

"डॉक्टरांना दाखवू."

"दाखवीन. आधी मुलं ज्याची त्याच्या हवाली करते, मग दाखवीन. महिनाअखेर बंद करतेय. पालकांना कालच सांगितलं, गुडघे दुखतात म्हणून."

तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. पण ती ज्या आवाजात बोलली त्यावर वाद घालता येईना. स्वतःवर संशय आला की बहुतेक माणसं तो दडपतात. तिनं सगळ्यात आधी स्वतःच्या हातातून मुलं काढून घ्यायचं ठरवलं. एवढी जिवाची मुलं. मी तिला लहानपणापासून ओळखत नाही, दादाचं लग्न झाल्यापासून ओळखते. पण त्या पायरीवर ती मला माझ्या आजवरच्या ओळखीहून मोठी वाटली.

पिंगीची आई हादरली होती. तिच्या पाळ्या वेड्यावाकड्या, दुसऱ्या पाळणाघरात कुणी संध्याकाळी उशिरापर्यंत मूल ठेवून घेत नाही. "काकू, गुडघ्यांना मी औषध आणते," ती दारात उभी राहून म्हणाली. "आमच्या वॉर्डात चांगले डॉक्टर आहेत. तुम्ही नुसत्या खुर्चीत बसून राहा हो. पण राहा."

"नाही गं," वहिनी म्हणाली आणि पिंगीच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली.

महिना संपत आला तशी तिनं आवराआवर काढली. त्या दुपारी मीही मदतीला गेले होते. वहिनी चादरींच्या घड्या घालत होती, दादा खुर्चीत पेपर वाचत होता आणि पिंगी कोपऱ्यात दुकान मांडून बसली होती. तिनं एका जुन्या साबणाच्या खोक्यातली रद्दी उपसून काढली होती. त्याच सकाळी रिकामा झालेला नवा खोका तिच्या दुसऱ्या हातात होता.

"आजी, बघ ना," ती म्हणाली. "मोठ्या साबणाच्या पोटात बाळ साबण."

नवा खोका जुन्या खोक्यात सरळ आत गेला होता. वरून बोट घालून तिनं तो खाली ढकलला, खोका हलवला, तसा आत तो खुळखुळला.

वहिनीच्या हातातली चादर अर्ध्या घडीवर थांबली.

"आण गं इकडे."

तेच चित्र, तोच रंग, कोपऱ्यात तेच फूल. तिनं दोन्ही खोके शेजारी उभे केले. मग कोपऱ्यातून चहाचा जुना खोका ओढला आणि स्वयंपाकघरातून नवा आणला. नवा एका बोटानं बुटका. खोके दादाच्या पेपरवर ठेवले आणि म्हणाली, "वजन वाचा."

दादानं चष्मा पुसला. जुन्यावरचं वाचलं. नव्यावरचं वाचलं. मग पुन्हा जुन्यावरचं वाचलं.

"भाव मात्र तोच आहे," तो क्षीण आवाजात म्हणाला.

मला वाटलं वहिनी चिडेल. तिनं खाली फतकल मारली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना धारा लागल्या. झोपलेली मुलं उठून बसली आणि काही न कळता तीही हसायला लागली.

"काढत होतं गं!" माझा दंड धरून ती म्हणाली. "डब्यातलं कुणीतरी खरंच काढत होतं!"

नागवलं गेल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

दादाला राग यायला पुष्कळ वेळ लागला, पण मग तो आला. "मी त्या दुकानदाराला सोडणार नाही! एवढा जोडलेला माणूस!"

"त्याचा काय दोष? तो काय घरी साबण पाडतो? तुम्ही आधी मला सोडा. तुझं लक्ष कुठे असतं, म्हणे!"

दादानं पेपर तोंडासमोर धरला. पेपरामागून आवाज आला, "आज चहा मी टाकू का?"

"टाका. बेतानं टाका, पुडा लहान आहे."

त्या संध्याकाळी मुलांना न्यायला माणसं आली तेव्हा वहिनी दारात उभी होती.

"बंद करत नाहीये," तिनं पिंगीच्या आईला सांगितलं. "गुडघे बरे झाले."

नर्सबाईंनी तिला मिठीच मारली, हातातल्या पिशव्यांसकट.

"थांब, पुढचं ऐक आधी. पुढच्या महिन्यापासून फी वाढवतेय. दूध वाढलंय, आणि बिस्किटांचा एक पुडा आता पुरत नाही, दुसरा फोडावा लागतो. मुलांना मिळायचं तेवढंच मिळेल. पैसे वाढतील. तोंडावर सांगतेय."

नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या, "घ्या हो काकू." त्यांच्या मागे एका मुलाचे वडील उभे होते, कुरिअरवाले. दिवसभर जिने चढून आलेला माणूस, त्यांना हे ऐकणं जडच गेलं.

"काकू, जरा बघा ना," ते म्हणाले. "फी तीच ठेवा. हवं तर एखादं बिस्कीट कमी द्या. पोरांना काय कळतंय?"

वहिनीनं त्यांच्या मुलाला पुढे घेतलं. त्याच्या मुठीत खायचं राखून ठेवलेलं अर्धं बिस्कीट होतं.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या हातानं कमी करा."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं मूठ पाठीमागे नेली. कुरिअरवाले हसले, कान धरला, स्वतःचा.

"तुम्हाला एकदम जमणार नसेल तर तसं सांगा," वहिनी हळूच म्हणाली. "आपण काढू मार्ग. पण न सांगता कमी करणं मला जमायचं नाही. त्यानं माणसाच्या डोक्याचं काय होतं, ते मी पाहिलंय."

सगळे गेल्यावर ती डबे पुसायला बसली. रिकामे झालेले नवे खोके रद्दी भरून पिंगीच्या दुकानात गेले, जुन्यांच्या शेजारी, आईबाळासारखे. चहाचा डबा तिनं कानाशी धरून हलवला. पेन्शनला अजून अवकाश होता.

"अहो," तिनं आतून हाक मारली, "उद्या चहा संपणार."

दादा काही बोलणार होता. पण थांबला, आणि पिशवी शोधायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा संपला.