शेपटीचा ठसा

बुलढाण्याला समुद्र नाही, रेल्वे नाही, आणि जिल्ह्यातलं नावाजलेलं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, ज्यात मासासुद्धा जगत नाही. अशा गावात बसून मी हंपबॅक देवमाशांवर पीएच.डी. करत होते. बोटीवर जाऊन फोटो दुसरेच काढत. मी ते घरी कॉम्प्युटरवर जुळवायची. या देवमाशाच्या शेपटीखाली काळे-पांढरे डाग असतात, प्रत्येकाचे वेगळे. त्यावरून कोण कुठे दिसला ते कळतं. शेजारच्या काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, स्थळं बघणं चालू आहे ना?

बाबा मात्र काही न समजताही माझ्या बाजूने होते. ते रजिस्ट्री कचेरीतले निवृत्त कारकून. जन्मभर त्यांनी खरेदीखतांवरचे अंगठे तपासले. ठसा जुळला नाही तर आमदाराच्या मेव्हण्यालाही परत पाठवत, त्यामुळे बढती फारशी मिळाली नाही. मुलगी दिवाळीपर्यंत डॉक्टर होणार, असं त्यांनी पार जानेफळच्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. कसली डॉक्टर, ते सोयीने सांगितलं नव्हतं. दोन मावश्या गुडघे धरून वाट बघत होत्या.

माझ्या प्रबंधाचं म्हणणं एवढंच, की अरबी समुद्राच्या एका काठचे देवमासे दुसऱ्या काठाला जात नाहीत. माझ्या फोटोंत एकही शेपटी दोन्हीकडे नव्हती. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना एका दुपारी बाबा चहा घेऊन आले आणि स्क्रीनवरच्या दोन शेपट्या बघत बसले. एक आपल्या किनाऱ्याजवळची, एक पलीकडची.

"हे दोन नाहीत वं. एकच हाये."

मी वरच्या पट्टीत समजावलं, की दुसरीवर मधोमध ओरखडा आहे, पहिलीवर नाही. ते हसले. म्हणाले, विळा लागून अंगठा चिरलेले शेतकरी काय कमी आले माझ्यापुढे? चीर पाहायची नसते, तिच्या आजूबाजूचं पाहायचं. मग पेन्सिलीच्या टोकाने एकेक डाग दाखवला. सगळे जुळले. मला त्यांचा असा राग आला, की मी चहाला हात लावला नाही. देवमासा पलीकडे पोहून गेला होता आणि माझा प्रबंध अलीकडेच बुडाला होता.

सगळं पुन्हा तपासून लिहायचं, निदान एक वर्ष, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. उठून त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "राहू दे न मंग. मी पाह्यलंच नाही, असं समज. कोणाले समजते?"

उभ्या नोकरीत त्यांनी एकही खोटा अंगठा सोडला नव्हता. पहिला माझ्यासाठी सोडायला निघाले होते. मला रडूच आलं.

"मले समजते न, बाबा," मी म्हटलं आणि गाईडबाईंना मेल लिहायला घेतला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. पाठवण्याआधी त्यांनी तो दोनदा वाचला, आणि 'माझी बहुधा चूक झाली असावी' यातलं 'बहुधा' आणि 'असावी' दोन्ही काढायला लावलं.