गुडघा आणि कांद्याच्या माळा

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाच्या हाती लागलंच तर माफ करावं.

उजवा गुडघा कितीतरी वर्षं दुखत होता. अलिबागच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "मावशी, चालता येतं का?" मी म्हटलं, येतं. "जिना चढता?" चढते. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. एक्स-रेच्या फोटोत झीज दिसत होती, पण नुसत्या फोटोवरून सांधा बदलत नाहीत, असं ते म्हणाले. गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला, काठी घ्यायला सांगितली.

बाहेर आल्यावर बरोबर आलेली सून म्हणाली, "आई, जिना कधी चढलात? आपल्या घराला जिना हाय कुठं?"

"मग काय सांगू त्यांना?"

"खरं सांगायचं. ते काय तुमचे सासरे हायेत लाजायला?"

व्यायाम मी नेमाने केला. थोडे महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच. कूस बदलली तरी जाग यायची. पण ऑपरेशनचं नाव निघालं की मी विषय बदलायची. चिरफाडीची भीती होतीच, त्याहून मोठी भीती बसण्याची. आमच्याकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा बायका जमिनीवर मांडी घालून विणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून दर हंगामात मी विणत आले, दुसऱ्यांच्याही विणून द्यायची. तेवढीच माझी स्वतःची कमाई. आमच्या एका जावेचा गुडघा बदललेला. ती हसत म्हणायची, "मला आता खाली बसायची बंदी. आपल्याच घरात पाहुणी झाले." मला हसू येत नव्हतं. हा हंगाम जाऊ दे, असं म्हणत मी दोन हंगाम काढले.

एकदा दुपारी सुनेने माझा तांब्या उचलून बघितला. सकाळी भरलेला, तसाच होता.

"एवढ्या उन्हाचं पाणी का पीत न्हाय तुम्ही?"

पाणी प्यायलं की परसातल्या संडासापर्यंत जावं लागायचं, म्हणून मी पीतच नव्हते. तिला न सांगताच कळलं. "देऊळ सोडलंत, बाजार सोडला, भाचीच्या लग्नाला गेला न्हाय. आता पाणी पण सोडलंत? माळा विणायला तरी ऱ्हाल का?"

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. ती मुद्दाम दाराशी उभी राहिली. "आज मी बोलणार न्हाय, तुम्हीच बोला." खाली बघत सगळं सांगितलं, पाण्याचंही.

डॉक्टर म्हणाले, "हे मला आधी कळायला हवं होतं. आता सांधा बदलायला हरकत नाही, पण ठरवायचं तुम्ही. मांडी घालून बसणं बहुतेक जमणार नाही."

मग मी माळांचं विचारलं.

"खुर्चीत बसून हात चालतील ना?" डॉक्टरांनी उलट विचारलं.

हात चालतील. पण खुर्चीत बसून माळ विणताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. तरी हो म्हटलं. घरी येईपर्यंत आपण का हो म्हटलं, हेच मनात घोळत होतं.

खर्चाला कमी पडले ते पैसे बायकांच्या बचत गटाने कर्जाऊ दिले. ते फेडायचे माळांतूनच, आणि माळा जमतील की नाही ठाऊक नव्हतं. ऑपरेशननंतर गुडघा वाकवायच्या व्यायामात रडू यायचं, ते निम्मं दुखण्याचं आणि निम्मं त्या काळजीचं.

कांदा निघाला तेव्हा मुलाने पडवीच्या वाशाला दोरी बांधून दिली. मी खुर्चीत बसून वरून खाली विणायला लागले. पहिली माळ उचलताच कांदे घरंगळले. तीच जाऊ बघायला आलेली, म्हणाली, "जाऊबाई, ही माळ हाय का झोपाळा?" सगळी सोडून पुन्हा विणली. पात जास्त ओली करून, दर वेढ्याला ओढून घेतल्यावर चार दिवसांनी माळ कांदे धरायला लागली. त्या हंगामात माझ्या माळा नेहमीपेक्षा कमी झाल्या, पण विकल्या गेल्या. पुढच्या हंगामात आणखी झाल्या.

गटाच्या बैठकीत बाकीच्या सतरंजीवर बसतात, मी खुर्चीत. अजून लाज वाटते. शेवटचा हप्ता मात्र मी स्वतः चालत जाऊन दिला. कर्ज सगळं फिटलं.