हाताच्या वजनाचं पांघरूण

गाड्यांच्या सीटा शिवणारी बाई होती ती. तिला सगळी गल्ली आत्या म्हणायची. चांगले मिशीवाले, तिच्याहून वयाने थोर असलेले ड्रायव्हरसुद्धा पायरीवर उभे राहून विचारायचे, "आत्या, माझी सीट झाली का हो?" खरी आत्या ती एकाच पोरीची. बाकी आम्ही गल्लीतले सगळे तिचे फुकटचे भाचे.

पुढे दुकान आणि मागे एक खोली, एवढंच घर. नवरा फोम कापायचा, खिळे ठोकायचा, आणि शिलाई सगळी हिची. रेक्झीन शिवायचं म्हणजे खेळ नाही. ते जाडजूड कापड दुमडून सुईखाली ओढायचं, वळवायचं, पुन्हा ओढायचं. ओढून ओढून तिचा उजवा हात असा झाला होता, की बाकीची बाई एका मापाची आणि तो हात भलत्याच मापाचा. नवरा चिडवायचा, "हिच्या हाताला वेगळं तिकीट काढावं लागतं."

पोरगी तिच्या धाकट्या भावाची. भावजय बाळंतपणातच गेली. भाऊ लांबच्या ट्रकवर, आज इथे तर परवा कुठे, त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. मग ते एवढंसं गाठोडं आत्याच्या कुशीत आलं. आत्याला स्वतःचं मूल नव्हतं. होईल होईल म्हणता वय निघून गेलं होतं, आणि तिने त्याचं नाव काढणंही सोडलं होतं.

पोरीला सगळे भिंगरी म्हणायचे. कारण काय, तर ती झोपेत गोल फिरायची. डोकं उशीवर ठेवून निजवावं, तर घटकाभरात पाय उशीवर. फिरायची, दचकायची, उठून बसायची, रडायची. काय काय केलं त्यांनी! झोळी केली, तेल लावलं, नवऱ्याने तर गाणीसुद्धा म्हटली, त्यावर शेजाऱ्यांनीच हात जोडले. आणि एके दिवशी आत्या दमून तिच्याशेजारी आडवी झाली, आणि तो उजवा हात धपकन पोरीच्या अंगावर पडला. पोरगी गप्प. आत्या घाबरली, म्हटलं चेपली की काय. बघते तर भिंगरी थांबलेली, तोंड उघडं, गाढ.

त्या दिवसापासून ठरूनच गेलं. झोप आली की पोरगी येऊन म्हणायची, "आत्या, पांघरूण दे." म्हणजे हात दे. दुपारी दुकानातच फोमच्या तुकड्यांवर पडायची ती. आत्या खाली बसून डाव्या हाताने शिवणीचे दोरे कापायची आणि उजवा पोरीवर. कुणी गिऱ्हाईक आलं की नवरा हातोडी खाली ठेवून म्हणायचा, "हळू बोला, झोपलीय."

अशी ती शाळेत जायच्या वयाची झाली. आणि भावाने दुसरं लग्न केलं.

बायको चांगली निघाली. हेच तर दुखणं होतं. वाईट असती तर आत्याला भांडता आलं असतं. ही बिचारी हसून बोलणारी, नमून वागणारी, एका शाळेत मदतनीस होती. ज्या लेकरांना बोलता-चालताना अडचण असते, त्यांची शाळा. भावाने ट्रक सोडला, बायकोच्या गावी एका गोदामात नोकरी धरली, खोली घेतली आणि एक दिवस दोघं दारात आली.

"ताई," भाऊ म्हणाला, "आता पोरीला नेतो. तू लई केलंस."

"केलं म्हणजे काय? उपकार केले का मी?"

"तसं नाही गं..."

"ने की. तुझीच आहे. मी कुठे नाही म्हटलंय?" असं म्हणत ती आत गेली आणि पोरीचे कपडे घड्या घालून, मोडून, परत घड्या घालत बसली. शेवटी नवऱ्यानेच पिशवी भरली.

पोरगी गेली आणि चार दिवसांत नव्या भावजयीचा फोन. पोरगी झोपत नाही. फिरते, उठते, खिडकीशी जाऊन बसते. आत्याने "अगं बाई, हो का" असं म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर तिचं तोंड बघण्यासारखं होतं. दिवाच लागला होता. त्या दिवशी तिने नवऱ्याला दोनदा चहा केला, न मागता.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती तिघं आली. भिंगरी दुकानात शिरली ती सरळ फोमच्या तुकड्यांवर. "आत्या, पांघरूण." हात पडला आणि पोरगी झोपी गेली. भावजय तिथेच उकिडवी बसून बघत राहिली. मग म्हणाली,

"ताई, आमच्या शाळेत काही मुलांना वजनाचं पांघरूण देतात. आत जड काहीतरी भरलेलं असतं. अंगावर घेतलं की ती शांत होतात. बाजारात मिळतं ते मोठ्या माणसाच्या मापाचं. तुम्ही हिच्यासाठी शिवाल का? तुमच्या हाताएवढं वजन भरून? शाळेतल्या बाईंना मी विचारलंय, हिच्या अंगाला तेवढं चालेल म्हणाल्या. तोंडावर घ्यायचं नाही आणि तिला स्वतःला काढता आलं पाहिजे, एवढंच."

आता काय म्हणणार? नाही म्हणावं तर पोरीची वैरीण ठरायची. "शिवते की," आत्या म्हणाली. "त्यात काय."

मग निघाली वरात भंगारवाल्याकडे. त्याच्याकडे मोठा काटा होता. आत्या, नवरा आणि मागे आम्ही चार बघे.

"दादा, हात तोलायचाय."

भंगारवाला वर बघेचना. "लोखंड आहे का पितळ?"

"माझा हात रे मेल्या!"

"आत्याबाई, हात विकत घेत नाही मी. आख्खं माणूस असेल तर बोला." आणि नवऱ्याकडे बघून, "काय मालक, द्यायचंय का?"

"नेतोस का? नेशील आणि दुसऱ्या दिवशी परत आणशील," नवरा म्हणाला.

हसणं झालं, हात काट्यावर ठेवला, पण काटा काही धड बसेना. वर-खाली, वर-खाली. भंगारवाला म्हणाला, "तुम्ही हात उचलून धरताय. सैल सोडा."

"सोडलाय की."

"नाही सोडलेला. झोपेत सोडता तसा सोडा."

तिने खाली बसून, डोकं भिंतीला टेकवून डोळे मिटले. नवरा हळूच म्हणाला, "पोरगी कुशीत आहे असं समज." तेवढ्या शब्दावर तो हात असा ढिला पडला, की काटा खटकन खाली. कुणी हसलं नाही मग. भंगारवाल्याने तेवढ्याच वजनाचे छर्रे दिले, सायकलीच्या चाकात असतात ते. रॉकेलने धुतले, साबणाने धुतले, उन्हात वाळवले, चकचकीत केले.

पांघरूण तर तिने असं शिवलं की बघत राहावं. मऊ सुती कापड, आत कापसाचा थर म्हणजे छर्रे वाजायला नकोत, आणि चौकटी चौकटी पाडून डबल शिलाई, म्हणजे सगळं वजन पायाशी गोळा व्हायला नको. प्रत्येक चौकटीत मूठभर छर्रे. पण भरता भरता तिचा हात आखडला. मुठीतले अर्धे चौकटीत, अर्धे बाजूच्या डब्यात. पुढच्या चौकटीतही तसंच. कुणी सांगितलं नव्हतं, तिने ठरवलंही नसेल कदाचित. शेवटची शिलाई मारली तेव्हा डबा अर्धा भरलेला होता. झाकण लावून तिने तो रेक्झीनच्या गुंडाळ्यांमागे सरकवला आणि पांघरूण भावाकडे धाडून दिलं.

पांघरुणाने काही झालं नाही. होणार कसं? पोरीने अंगावर घेतलं, चाचपलं आणि बाजूला ठेवलं. भावजयीने फोन करून सांगितलं, "ताई, आणखी थोडे दिवस बघतो." पण थोड्या दिवसांनी फोन आला तो भावाचा.

"ताई, पोरीला तुझ्याकडेच ठेवू या का? आमच्याच्याने बघवत नाही. रविवारी घेऊन येतो."

झालं! आत्या त्या दिवशी जमिनीवर नव्हतीच. फळी रिकामी केली, पोरीची चटई धुतली, आमच्या दारात येऊन सांगून गेली, "भिंगरी येतेय बरं का, कायमची." नवरा मात्र फोम कापत राहिला.

रविवारी आली तिघं. भावाच्या खांद्याला कपड्यांची पिशवी, भावजयीच्या हातात घडी केलेलं पांघरूण. आणि पोरगी! डोळ्यांखाली काळं, कपाळावर टेंगूळ. शाळेच्या पायरीवर चालता चालता डोळा लागला आणि पडली म्हणे. भावजयीचेही डोळे सुजलेले. नवऱ्याने भावाला चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं, भावजय मागे मोरीवर हातपाय धुवायला गेली, तेव्हा पोरगी आत्याला चिकटली आणि कानात म्हणाली,

"आत्या, एक सांगू? मी ना तिकडे झोपायचं नाटक करते."

"का गं सोन्या?"

"मी जागी दिसले की आई रडते. मग मी डोळे मिटून पडते, हलतच नाही." मग आणखी जवळ सरकून, "तुझं पांघरूण चांगलं आहे हं आत्या. मलाच झोपता येत नाही नीट."

बाई गं. एवढंसं पोर, आणि दोष स्वतःकडे घेऊन बसलेलं. आत्याला कुणी मुस्काटात मारली असती तरी बरं. तिने पोरीला पोटाशी धरलं. पोरगी तिथेच मांडीवर झोपली, उजवा हात अंगावर ओढून घेऊन.

भावाला चहाच्या टपरीवर बसवून नवरा आत आला. वाकून गुंडाळ्यांमागचा डबा काढला आणि मशीनवर ठेवला. त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

"हे छर्रे कुणाच्या सीटमध्ये घालायचे होते?" एवढंच म्हणाला तो, तेही हळू.

आत्याने पोरीच्या अंगावरचा हात काढला. कसा काढला असेल, तिचं तिला माहीत. नवऱ्याने पोरीला उचलून मांडीवर घेतलं, तशी ती झोपेत चुळबुळायला लागली. आत्या मशीनपाशी बसली, पांघरुणाची शिवण उसवली आणि एकेक चौकट भरायला लागली. भावजय पदराला हात पुसत आली.

"ताई, हे काय?"

"मापात चूक झाली होती माझी."

भावजयीने डब्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. "होतं असं," म्हणाली. शेजारी बसली आणि चौकटींची तोंडं उघडून धरायला लागली. एकीने धरायचं, एकीने भरायचं. तिला कळलं की नाही देव जाणे. पण दोघींपैकी एकीनेही मान वर केली नाही, आणि कापडावर पाण्याचे ठिपके पडत होते ते एकटीचे नव्हते.

शिलाई झाली. आत्याने पांघरूण झोपलेल्या पोरीवर घातलं. पोरीने एक लांब श्वास सोडला. भिंगरी थांबली. नवऱ्याच्या मांडीवर, आत्याच्या हाताशिवाय, पहिल्यांदा.

"पिशवी परत ने," टपरीवरून परत आलेल्या भावाला आत्या म्हणाली. "पोरीचं घर तिकडे आहे."

"अगं पण ताई, फोनवर तूच 'आण' म्हणालीस ना..."

"ने म्हटलं ना! उगाच मला बोलायला लावू नकोस."

गेली ती. दोन-तीन दिवसांत फोन आला, पोरगी झोपते. आत्या म्हणाली, "मग! शिवलंय कुणी?" आणि फोन ठेवून मशीन जोरात चालवत बसली.

पुढे बरेच महिने आत्याचं भावाकडे जाणं झालं नाही. गेली तेव्हा भिंगरी उंच झाली होती, गालांवर तकाकी आली होती. शाळेतलं सांगून सांगून तिने आत्याचं डोकं खाल्लं. दुपारी जेवण झाल्यावर पोरीने स्वतःच पांघरूण ओढलं आणि झोपली. एकदाही म्हणाली नाही, आत्या, दे. आत्या शेजारी आडवी झाली. पोरीचं तोंड बघत राहिली. मग राहवलं नाही, तिने उजवा हात हळूच पोरीवर ठेवला.

पोरगी झोपेतच कुरकुरली. "जड होतंय गं." आणि त्या इवल्या बोटांनी तिने तो हात बाजूला सारला, कूस बदलली आणि पुन्हा गाढ झोपली.

आत्या कितीतरी वेळ तशीच पडून होती, म्हणे. हात कुठे ठेवावा तेच कळेना. शेवटी स्वतःच्याच डोक्याखाली घेतला. हे तिने एकदाच सांगितलं मला, आणि सांगताना हसली, पण ते काही हसणं नव्हतं.

आता दुकान चालू आहे, ड्रायव्हर अजून आत्या आत्या करत येतात. छर्ऱ्यांच्या डब्यात नवऱ्याने खिळे भरलेत. दुपारी कधी तिकडून जाल तर बघा, त्याच फोमच्या तुकड्यांवर ती एकटी झोपलेली असते, छातीवर रेक्झीनचा आख्खा गुंडाळा ओढून घेऊन. नवे लोक बघून हसतात, बाईला वेड लागलं म्हणतात. नवरा हसत नाही. पायरीवर गिऱ्हाईक दिसलं की हातोडी खाली ठेवतो आणि म्हणतो, "हळू बोला, झोपलीय."