नरसाळ्यातून बोलणाऱ्या कुमुदअक्का

पहिल्याच भेटीत कुमुदअक्कांनी माझ्या दोन्ही कानांत रबरी नळ्या घातल्या आणि मला खोलीत ढकललं. "बसा खाली. खुर्चीवर नाही, सतरंजीवर. पँटची इस्त्री मोडू द्या," एवढंच बोलून त्या बांबूच्या काड्यांच्या चिकेआड गेल्या. समोर माझा चार वर्षांचा मुलगा लाकडी ठोकळे भिंतीवर मारत होता. मी बी.कॉम., सेकंड क्लास, धुळे जिल्हा परिषदेत क्लार्क. दोंडाईचाजवळच्या आमच्या गावातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. आणि मी सतरंजीवर मांडी घालून, कानात नळ्या घालून बसलो होतो.

त्या नळीची हकिगत आधी सांगतो. जुन्या स्टेथोस्कोपचा कानात घालायचा भाग, त्याला जोडलेली लांबलचक रबरी नळी, ती चिकेखालून पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत गेलेली, आणि तिच्या टोकाला रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं. अक्का त्या नरसाळ्यात तोंड घालून हळू बोलायच्या. पोराला ऐकू जायचं नाही, आपल्याला मात्र थेट मेंदूत ऐकू यायचं. परदेशात म्हणे आईबापांच्या कानात बारीकसं यंत्र बसवतात आणि काचेपलीकडून त्यांना सांगत राहतात, आता असं बोला, आता गप्प बसा. अक्कांनी मुंबईत मानसशास्त्र शिकताना हे कुठंतरी वाचलं होतं. मी एकदा म्हटलं, "अक्का, ते यंत्र मागवता येणार नाही का?" तर म्हणाल्या, "कानात बोलायचंच आहे ना? मग नळीला काय झालं?"

अक्का मूळच्या जळगावच्या. मंगळवारी आणि शनिवारी एसटीनं धुळ्याला यायच्या, पाचव्या गल्लीतल्या एका ओळखीच्यांच्या दोन खोल्यांत बसायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. उंच, हाडकुळ्या, पांढरी सुती साडी, हातात केळीच्या घडाएवढी जड पिशवी. पिशवीत ठोकळे, मातीचे बैल, पत्र्याची भातुकली. धुळ्यातल्या साहेबलोकांशी पुस्तकी मराठी बोलायच्या आणि खेड्यातली बाई समोर आली की तोंडातून खान्देशी वाहायची. मला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून 'बी.कॉम.' अशीच हाक मारली.

मी त्यांच्याकडे हौसेनं गेलो नव्हतो. मुलाचं नाव आम्ही प्रशांत ठेवलं होतं, यापलीकडे नावाबद्दल काही बोलत नाही. तो चावायचा. पाटी फेकायचा. रिक्षात बसायचं नसलं की रस्त्यात आडवा पडायचा. बालकमंदिरातल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर नाव काढून घ्या." आणि त्याच सुमारास माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. दोन दिवस त्यांनी नातवाचे प्रताप पाहिले आणि निकाल देऊन टाकला.

"मी गावले जासू तवय पोऱ्याले लई जासू. मळामा राही, सुधरी जाई."

पोराला गावी घेऊन जाणार, मळ्यात ठेवून सुधारणार, हा निकाल; आणि आमच्या घरात आबांच्या निकालावर अपील नसायचं. आबांची सुधारायची पद्धत माझ्या पाठीला चांगली ठाऊक होती. माझी बायको सुमन चाळीसगावची, एरवी भांडायला कमी न करणारी. पण सासऱ्यांपुढे तिचा आवाज फुटेना. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "लेकरू द्यायचं नाही मला. काय करायचं ते तुम्ही करा." तिच्याच मैत्रिणीनं अक्कांचा पत्ता दिला होता.

तर त्या सतरंजीवर मी माझं शिक्षण दाखवायला सुरुवात केली. "प्रशांत, हा कुठला रंग? हे किती ठोकळे?"

कानात आवाज आला, "बी.कॉम., प्रश्न बंद."

"मग काय बोलू?" मी मोठ्यानं विचारलं. प्रशांतनं दचकून माझ्याकडे पाहिलं.

"मला उत्तर देऊ नका. पोर परीक्षेला बसलेलं नाही. मास्तर चपलांजवळ ठेवून या. रेडिओवर क्रिकेट ऐकता ना? तशी कॉमेंट्री करा. तो काय करतोय ते सांगा, बस."

मी घसा खाकरला. "प्रशांतनं लाल ठोकळा घेतला. प्रशांत तो निळ्यावर ठेवतोय. ठेवला." मला स्वतःचीच लाज वाटत होती. पण पोरगं थांबलं. माझ्याकडे बघत त्यानं तिसरा ठोकळा उचलला, आणि मी तेही बोलतो का याची वाट पाहत राहिलं.

"आता कौतुक. नुसतं शाबास नको. शाबास कशाबद्दल ते बोला."

"शाबास. ठोकळा हळू ठेवलास."

एवढ्यानं जग बदललं नाही. पुढच्या क्षणी त्यानं सगळा मनोरा लाथेनं उडवला आणि एक ठोकळा माझ्या गुडघ्यावर मारला. माझा हात वर गेला. "हात खाली," नळी म्हणाली. "तोंड फिरवा. भिंतीवरचं कॅलेंडर वाचा." मी कॅलेंडर वाचू लागलो. संकष्टी, एकादशी, अमावास्या. मागं आरडाओरडा चालू. प्रदोष. विनायकी. आवाज कमी होत गेला. मग माझ्या दंडाला एक डोकं टेकलं आणि प्रश्न आला, "पप्पा, काय वाचतो?" त्याच सेकंदाला नळीतून शब्द आला, "वळा!" त्या 'वळा'ची वेळ साधणं, हीच अक्कांची विद्या. नियम काय, पुस्तकातही असतील. पण कोणत्या क्षणी तोंड फिरवायचं आणि कोणत्या क्षणी परत वळायचं हे त्यांना चिकेआडून दिसायचं आणि आपल्याला समोर बसून दिसायचं नाही.

सुमनची अडचण वेगळी होती. तिला कॉमेंट्री झकास जमली. पण कौतुक म्हटलं की तोंड मिटायचं. आपल्याच लेकराला आपल्या तोंडानं चांगलं म्हटलं तर दृष्ट लागते, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. मला वाटलं, अक्का आता अंधश्रद्धेवर भाषण देणार. त्यांनी पिशवीतून काजळाची डबी काढून तिच्या हातात दिली. "तीट लाव आणि मग बोल." सुमननं प्रशांतच्या गालावर एवढं मोठं काळं बोट ओढलं आणि मग तासभर तिच्या तोंडाला खळ नाही. त्या डबीतलं काजळ निम्म्यावर आलेलं होतं, म्हणजे आमच्याआधी किती आया येऊन गेल्या असतील.

दुसरा टप्पा आज्ञेचा. तिथं मी सपशेल आपटलो. अक्का म्हणाल्या, "तुम्ही एसटीच्या कंडक्टरसारखे बोलता. पुढं सरका, पुढं सरका, पुढं सरका. म्हणून कुणी सरकत नाही. एकदा सांगा, स्पष्ट सांगा, आणि तो करेपर्यंत तिथून हलू नका. ओरडायचं मात्र नाही. ओरडणारा माणूस घाबरलेला असतो आणि पोराला ते कळतं."

खोलीत हळूहळू जमू लागलं. पण खरा अभ्यास घरचा होता. रोज पाच मिनिटं आईनं आणि पाच मिनिटं बापानं पोराशी असंच खेळायचं. सुमन दुपारी खेळायची, आबा झोपलेले असायचे. माझी वेळ ऑफिसातून आल्यावरची, आणि तेव्हा आबा बाहेरच्या खोलीत पलंगावर, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा सगळ्या घरावर. आता हे शहरातल्या वाचकाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर उचलायचं नसे. लाडानं हाक मारायची नसे. बापासमोर पोराला खेळवणारा माणूस निर्लज्ज. प्रशांत जन्मला तेव्हा मी गावी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं ते कोठीच्या खोलीत, दार लावून. आणि आता त्या पलंगासमोर बसून मी 'शाबास, बैल छान उभा केलास' म्हणायचं? एकदा बसलो. आबा नुसते खाकरले. मी उठून चहा ठेवायला गेलो. प्रशांतनं तो मातीचा बैल माझ्या पाठीवर फेकला.

अक्कांना सांगितलं. मला वाटलं होतं, म्हणतील, वडिलांना समजावा. त्या म्हणाल्या, "आबांना घेऊन या."

"अक्का, ते कानात नळी घालणार नाहीत. प्राण गेला तरी नाही."

"त्यांच्या कानात कोण घालतंय? आणा तुम्ही."

डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून बाहेर काढलं आणि येताना रिक्षा पाचव्या गल्लीत वळवली. दारातच आबांनी ठोकळे पाहिले आणि काठी आपटली. "मी आठे पोरखेळ खेळाले नही उनू."

"तुमी नकाच खेळू, आबा," अक्का म्हणाल्या. "तुमी कारभारी शेतस. तुमी निस्तं सांगा. हाई धरा." आणि त्यांनी ते रॉकेलचं नरसाळं आबांच्या हातात दिलं. "तुमना आंडोर मनं ऐकत नही. तुमनं ऐकी." आंडोर म्हणजे मुलगा, म्हणजे मी.

मी कानात नळ्या घालून सतरंजीवर बसलो, समोर प्रशांत. पलीकडे चिकेआड काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. अक्का आबांच्या कानाशी कुजबुजत होत्या आणि आबांनी ते पुढं सांगायचं, अशी योजना. बराच वेळ नळीतून फक्त श्वास ऐकू आला. मग जन्मभर ज्या आवाजानं मला दचकवलं तो आवाज कानात आला, तोही अगदी हळू.

"बोल त्यानासंगे."

बापाची आज्ञा. मी बोललो. प्रशांत बैल ओळीनं लावत होता, तेच बोललो.

"शाबास म्हन त्याले. बैल सरळ लावा म्हनीसन म्हन."

बैल सरळ लावलेस म्हणून शाबास, असं म्हटलं. प्रशांत हसला आणि गुडघ्यानं सरकत माझ्या मांडीत येऊन बसला. माझे हात हवेत राहिले. पाठीमागं चिक, चिकेमागं आबा.

"धर ना त्याले. पडी जाई तो," नळी म्हणाली.

मी वडिलांसमोर माझ्या मुलाला धरलं, वडिलांनीच सांगितलं म्हणून. प्रशांतनं बैलांच्या पुढं एक ठोकळा ठेवला आणि म्हणाला, ही गाडी. त्यानंतर नळी गप्प झाली. मला वाटलं, संपलं असेल. आणि मग आवाज आला. हे अक्कांनी सांगितलेलं नव्हतं, असं अक्कांनीच नंतर मला शपथेवर सांगितलं.

"तू बी अशीच गाडी करे, भो. मी देखेल शे. बोलनू नही कधी."

मी मान वर केली नाही. प्रशांतच्या डोक्यावर हनुवटी ठेवून त्या मातीच्या बैलांकडे बघत बसलो. चिकेमागून अक्कांचा खणखणीत आवाज आला, नळीशिवाय. "आबा, या शेवटच्या बोलण्यात प्रश्न नाही, हुकूम नाही, टोमणा नाही. पहिल्या नंबरनं पास!" आबा म्हणाले, "मंग? आमी काय अडानी शेतस?"

त्या दिवसानंतर घरी माझी पाच मिनिटं सुरू झाली आणि एक नवीच पीडा मागं लागली. आबा पलंगावरून नळीशिवायच सूचना द्यायचे. "सवाल नको पुसू!" "आते तोंड फिरव!" "वळ, वळ, आते वळ!" वेळ त्यांची नेहमी चुकायची. सुमन स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसायची.

पण पट्टी निघाली आणि आबांच्या जाण्याचा दिवस आला. आधीचा निकाल त्यांनी मागं घेतलेला नव्हता. सुमननं न बोलता प्रशांतचे कपडे पिशवीत भरले होते आणि तिचे डोळे सुजले होते. धुळ्याच्या स्टँडवर दोंडाईचाची गाडी लागली. प्रशांत त्या पिशवीवरच बसला होता.

"पिशवी माले दे," आबा त्याला म्हणाले. एकदाच म्हणाले, ओरडले नाहीत, आणि तिथून हलले नाहीत. प्रशांतनं आधी पिशवीचे बंद घट्ट धरले. मग उठला आणि दोन्ही हातांनी पिशवी ओढत त्यांच्यापाशी नेली.

"शाबास. एक सांगामाच पिशवी दिधी तू," आबा म्हणाले आणि पिशवी सुमनच्या हातात ठेवली. "हाई घर लई जा. याना बाप आजून शिकी ऱ्हायना. त्याना कोर्स पुरा होऊ दे."

गाडीत चढताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. सुमन स्टँडवरच हसत-रडत होती.

मंगळवारी मी अक्कांना पेढे घेऊन गेलो. त्यांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "झालं. आता येऊ नका." मी पुडा मिटून उठायला लागलो. "अहो, रागावले नाही. बाहेर बाकावर दुसरे आईबाप बसलेत. तुमच्या कानात आता तुमचाच आवाज यायला लागला आहे, माझं काय काम?" बालकमंदिराच्या बाईंनी दिवाळीनंतर नाव काढलं नाही. प्रशांत त्यानंतरही एकदोनदा चावला, नाही असं नाही. पण मला कळलं होतं कधी वळायचं ते.

अक्का गेल्या तेव्हा प्रशांत जळगावलाच कॉलेजात होता. मी धुळ्याहून गेलो, त्याला बरोबर घेतलं आणि त्यांच्या घरी भेटायला गेलो. ओटा माणसांनी भरलेला. कुणीच कुणाच्या ओळखीचं नव्हतं, पण थोड्याच वेळात सगळे नळीबद्दल बोलू लागले. एक मारवाडी कापडवाले शेठ सांगत होते, "मला गल्ल्यावरून उठवून जमिनीवर बसवणारी एकच बाई भेटली." त्या घरात रडण्यापेक्षा हसूच जास्त ऐकू येत होतं, आणि अक्कांच्या भाच्यालाही त्याचं काही वावगं वाटलं नाही.

परत निघाल्यावर प्रशांतनं विचारलं, "पप्पा, या कोण होत्या?"

"लहानपणी तुला घेऊन जायचो की त्यांच्याकडे. पाचव्या गल्लीत. आठवत नाही?"

"खोली आठवते. सतरंजी होती, मातीचे बैल होते."

"मग त्या बाई?"

"बाई?" तो म्हणाला. "तिथं बाई कुठं होत्या? आपण दोघंच तर असायचो."