शुगरवाले ठणठणीत

आईला बुऱ्हाणपूरच्याच वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हा तिने माझ्याशी महिनाभर अबोला धरला. तो सुटला केळ्यांमुळे. खकनारहून एक शेतकरी घड पाठवायचा. सकाळच्या आरतीनंतर ती केळी सोलून, काप करून, प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवायचं काम आईला मिळालं आणि बाईसाहेब पहाटेच आंघोळ करून तयार राहू लागल्या. त्या कामात तिचा जीव अडकला होता.

मग आश्रमात जुलाब-उलट्यांची साथ आली. चार दिवसांत निम्मे लोक आडवे. आईच्या खोलीतल्या आजी तर सलाइनवर! मी रिटायर झालेली मास्तरीण, स्वस्थ बसेन तर शपथ. आधी पाण्याच्या टाकीवर संशय घेतला. "मॅडम, टंकी तो कालच धुतली ना!" सेविका फणकारली. मग स्वयंपाकीणबाईंना फैलावर घेतलं, तर त्यांनी लाटणंच माझ्या हातात दिलं.

शेवटी वही काढली. कोण आजारी, कोण बरं, सगळं लिहिलं आणि उडालेच! शुगरवाले सगळे ठणठणीत! पाणी तेच, भाजी-पोळी तीच. मग ते खात काय नाहीत? वही घेऊन मी धावतच डॉक्टरांच्या खोलीत शिरले. "केळी! डॉक्टरसाहेब, प्रसादाची केळी!"

म्हटलं आणि मगच डोक्यात आलं. केळी कापतं कोण?

आई खाटेवर बसली होती. विचारलं, तर पदर चाळवत म्हणाली, "सगळ्यात पहिले मलेच झालं होतं. सांगितलं असतं तर चाकू काढून घेतला असता तुम्ही. आन् बाटलीतलं जेल लावत होती ना मी हाताले!"

डॉक्टरांनी तिला समजावलं. या आजाराला जेल पुरत नाही, साबण-पाणीच हवं. जुलाब थांबल्यावरही दोन दिवस दुसऱ्याच्या खाण्याला हात लावायचा नाही. मला भयंकर राग आला, तिचा थोडा, स्वतःचा जास्त. मी रोज भेटायला जात होते, तरी तिला माझीच भीती वाटली होती.

साथ ओसरली. सलाइन सुटलेल्या आजी आरतीला आल्या. साबणाने घासून हात लाल केलेली आई टोपली घेऊन उभी होती. टोपलीत सालीसकट अख्खी केळी! ही युक्ती माझी, आणि मी आनंदाने फुलून गेले होते.

"सोलून दे ना," आजी म्हणाल्या.

"नाही. तुमचं तुम्ही सोला," आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "पोरगी पाहून राहिली. माझं काम जाईन."