कणकुंबीची तार आणि माझी रजा

लढाईच्या दिवसांत मी बेळगावच्या शाळेतली विज्ञानाची मास्तरकी सोडून लष्कराच्या बिनतारी खात्यात गेलो. काम बेळगावच्या लष्करी कॅम्पातच असेल अशी माझी समजूत. लढाई संपेपर्यंत नोकरी सोडणार नाही, अशा कागदावर सही झाली आणि मला धाडलं कणकुंबीच्या जंगलात. बायकोला सातवा महिना होता. ती वडगावात माझ्या आईजवळ राहिली.

आमचं काम दूरची, अगदी क्षीण स्टेशनं ऐकण्याचं. त्यासाठी झाडांमधून पुरुषभर उंचीवर लांबच लांब तार ओढली होती. तिचा विद्युत-विरोध रिसीव्हरकडे जाणाऱ्या केबलच्या सहापट होता. दोन्ही सरळ जोडली तर मुळातच मरतुकडा आलेला आवाज सांध्यावरच निम्मा वाया जाई. म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर हवा होता: नळीवर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एकात वेढे दुसऱ्याच्या अडीचपट. ती गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं.

साहेबांनी बजावलं, आम्हाला नेमून दिलेलं दूरचं एक स्टेशन स्वच्छ ऐकू येईपर्यंत कुणालाही रजा नाही.

पहिला ट्रान्सफॉर्मर लावला. आवाज वाढला, पण खरखरही तितकीच वाढली. वेढे बदलले, नळी बदलली, दुसरा केला, सातवा केला. कुंपणाबाहेर जायला पास लागे आणि तो मिळत नसे. घरची पत्रं फोडून वाचलेली येत. मी काय करतो हे मला उलट लिहिता येत नसे. एका पत्रात आईनं कळवलं, मुलगी झाली. मी हातातलं वेटोळं खाली ठेवलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

एका दुपारी बेळगुंदीचा लाईनमन, वयानं माझ्याहून मोठा, कानाला हेडफोन लावून बसला होता. अचानक आमचं वीज बनवणारं इंजिन बंद पडलं. रिसीव्हर बॅटरीवर चालू होता.

“मास्तर, खरखर गेली की वो!”

“सगळी?”

“सगळी न्हाय. पर लई कमी.”

म्हणजे बहुतेक खरखर आभाळातून येतच नव्हती. आमच्याच इंजिनाची घाण केबलच्या आवरणावरून चढत होती आणि माझ्या ट्रान्सफॉर्मरमधून रिसीव्हरला मिळत होती. मी दोन्ही वेटोळ्यांची टोकं एकाच अर्थिंगला बांधली होती. मग मी वेटोळी एकमेकांपासून जरा लांब गुंडाळली. तारेच्या बाजूच्या वेटोळ्याच्या अर्थिंगसाठी लाईनमननं जमिनीत वेगळा गज ठोकला. केबलच्या अर्थिंगशी त्या वेटोळ्याचा जोड तोडून टाकला. आवाज थोडा उतरला, पण शब्द न् शब्द कळू लागला.

लाईनमन म्हणाला, “आता जावा घरला, लेकीचं तोंड बगून या.”

मी अर्ज घेऊन गेलो. साहेब खूश होते. पाठ थोपटली आणि म्हणाले, अशा आणखी चार तारा घालायच्या आहेत, हे काम येणारे तुम्ही एकटेच. तुम्हाला कसं सोडू? अर्ज त्यांनी घडी घालून माझ्याच हातात परत दिला. इतरांना मात्र त्याच आठवड्यात रजा मिळाली.

मला मिळाली ती पाचव्या तारेनंतर, चार दिवसांची. मुलगी रांगत होती. तीन दिवस मला पाहून रडली. चौथ्या दिवशी माझ्या मांडीवर आली, तेव्हा बायको माझी पिशवी भरत होती.

“राहा की एक दिवस,” ती म्हणाली.

“पकडून नेतील,” मी म्हणालो, आणि बस गाठायला निघालो.